पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक

पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक (प्रचलित शब्द : प्रायमरी) ही राजकीय पक्षाने आपला उमेदवार मतदानाने ठरवण्याची पद्धत आहे. सार्वत्रिक निवडणुकीत कोणत्या पक्षाला कौल द्यायचा हे मतदार ठरवतो. त्या पक्षातर्फे कोण उभा राहणार हे त्याआधीच ठरलेले असते. हा आधीचा निर्णय पक्षश्रेष्ठी, निवड समिती, पक्षाचे सभासद किंवा सर्वसामान्य मतदार यांपैकी कोणाच्या हाती असावा, या प्रश्नातून ही पद्धत निर्माण झाली. वर्षानुवर्षे निवडून येणाऱ्या नेत्याला त्याच्याच पक्षातील सामान्य कार्यकर्त्याने, पक्ष न सोडता, उघडपणे आव्हान देण्याची सोय हे तिचे मुख्य वैशिष्ट्य मानले जाते.

भारतात अशा निवडणुकीला कायद्याचा आधार नाही. महाराष्ट्रात २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेस पक्षाने वर्धा आणि लातूर या दोन मतदारसंघांत तिचा मर्यादित प्रयोग केला. एरवी येथे प्रस्थापिताला पक्षातून मिळणारे आव्हान बंडखोरीच्या, म्हणजे अपक्ष उमेदवारीच्या, रूपाने प्रकट होते.

प्रकार

बंदिस्त प्राथमिक निवडणुकीत त्या पक्षाचे म्हणून नोंदवलेले मतदारच मत देऊ शकतात. खुल्या पद्धतीत कोणत्याही मतदाराला भाग घेता येतो. मात्र साधारणतः एकाच पक्षाच्या निवडीत. पक्षाच्या पदाधिकाऱ्यांपुरते किंवा निवडक प्रतिनिधींपुरते मतदान मर्यादित ठेवले तर त्याला प्राथमिक निवडणूक म्हणावे की विस्तारित निवड समिती, हा वादाचा मुद्दा आहे. भारतातील प्रयोग या तिसऱ्या प्रकारचा होता.

उगम

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात उमेदवार पक्षांच्या अधिवेशनांत ठरत आणि ही अधिवेशने स्थानिक पक्षधुरीणांच्या मुठीत असत. विस्कॉन्सिन राज्यातील रॉबर्ट ला फॉलेट यांना १८९६ आणि १८९८ अशा दोन वेळा रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाने गव्हर्नरपदाची उमेदवारी नाकारली. १९०० मध्ये ते निवडून आले आणि त्यांच्या कारकिर्दीत, १९०३ मध्ये, उमेदवार थेट मतदारांनी निवडण्याचा कायदा झाला. १९०४ मध्ये त्यावर सार्वमत घेऊन मान्यता मिळवण्यात आली. उमेदवारी डावलल्या गेलेल्या माणसाने निवडीची पद्धतच बदलून टाकली, असे हे विरळा उदाहरण आहे. पुढे ही पद्धत बहुतेक राज्यांत पसरली. तेथे ती पक्षाच्या मर्जीवर सोडलेली नसून राज्याच्या कायद्याने घेतली जाते, हा फरक भारताच्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो.

प्रस्थापितांचे पराभव

अशा निवडणुकीत विद्यमान लोकप्रतिनिधी बहुधा सहज जिंकतो. नाव परिचित असते, देणगीदार हाताशी असतात आणि मतदानाला फार थोडे लोक येतात. मात्र हेच अल्प मतदान कधी त्याच्यावर उलटते. न्यू यॉर्कमधील जोसेफ क्रॉली १९९९ पासून प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते आणि २००४ नंतर त्यांना पक्षातून कोणी आव्हानच दिले नव्हते. २६ जून २०१८ रोजी अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ या २८ वर्षांच्या, काही काळापूर्वीपर्यंत मद्यालयात काम करणाऱ्या कार्यकर्तीने त्यांचा पराभव केला. लाखोंच्या वस्तीच्या मतदारसंघात एकूण मते पडली सुमारे तीस हजार. दारोदार हिंडून आपले मतदार मतदानाला आणणाऱ्या गटाला एवढ्या संख्येत पारडे फिरवता येते. त्याआधी २०१४ मध्ये व्हर्जिनियात प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन बहुमताचे नेते एरिक कँटर हे डेव्ह ब्रॅट या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून अशाच रीतीने हरले. दोन्ही उदाहरणे दोन भिन्न विचारसरणींची आहेत. म्हणजे ही पद्धत कोणत्या एका विचाराची सोय पाहते असे नाही.

बेळगावात वाढलेले, मराठीत ‘ही श्रींची इच्छा’ हे आत्मकथन लिहिणारे उद्योजक श्री ठाणेदार यांची वाटचाल या पद्धतीची दुसरी बाजू दाखवते. २०१८ मध्ये त्यांनी स्वतःचा मोठा पैसा खर्च करून मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक लढवली. त्यात ते तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइट परिसरातील मतदारसंघात नऊ उमेदवारांच्या गर्दीत सुमारे २८ टक्के मते मिळवून ते विजयी झाले आणि पुढे प्रतिनिधिगृहात गेले. पक्षाच्या वरिष्ठांकडे न जाता उमेदवारी मिळवता येते, हे यातून दिसते. पण ती वाट कार्यकर्त्यापेक्षा पैसेवाल्याला अधिक सोपी जाते, हेही दिसते. २०२५ मध्ये खुद्द ठाणेदार यांनाच राज्य विधिमंडळातील सदस्य डोनाव्हन मॅकिनी यांनी, ओकासिओ-कोर्टेझ यांना पूर्वी पाठिंबा देणाऱ्या जस्टिस डेमोक्रॅट्स या संघटनेच्या साहाय्याने, पक्षांतर्गत आव्हान जाहीर केले.

ब्रिटनमध्ये २००९ साली हुजूर पक्षाने टॉटनेस मतदारसंघातील सर्व मतदारांना टपालाने मतपत्रिका पाठवून उमेदवार निवडला. डॉक्टरी करणाऱ्या सारा वोलास्टन विजयी झाल्या. खर्चाचा बोजा पाहता ही पद्धत तेथे रूढ झाली नाही.

भारतातील उमेदवारी

भारतीय राज्यघटनेच्या मूळ मजकुरात राजकीय पक्षांचा उल्लेख नाही. १९८५ मध्ये पक्षांतरबंदीसाठी दहावे परिशिष्ट जोडले गेले तेव्हा पक्ष घटनेत आले, तेही आमदार-खासदारांना बांधून ठेवण्यासाठी. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-क नुसार पक्षांची नोंदणी होते. त्यांनी नियतकालिक संघटनात्मक निवडणुका घ्याव्यात अशी निवडणूक आयोगाची अपेक्षा असते. उमेदवार कसा निवडावा याबद्दल मात्र कायदा मौन पाळतो. १९९९ मध्ये विधी आयोगाने आपल्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायद्यात तरतुदी सुचवल्या. त्या कायद्यात उतरल्या नाहीत.

प्रत्यक्षात इच्छुकांच्या मुलाखती जिल्ह्यात किंवा प्रदेश कार्यालयात होतात, छाननी समिती नावे गाळते आणि केंद्रीय निवडणूक समिती किंवा संसदीय मंडळ यादी जाहीर करते. ज्या पक्षांचा कारभार एका कुटुंबाभोवती फिरतो, तेथे या पायऱ्या नावापुरत्या असतात. काँग्रेसमध्ये १९७२ नंतर जवळजवळ वीस वर्षे संघटनात्मक निवडणुकाच झाल्या नाहीत. १९९२ च्या तिरुपती अधिवेशनाच्या वेळी त्या पुन्हा घेण्यात आल्या. या काळात तालुका आणि जिल्हा समित्यांच्या शिफारशींचे वजन घटले आणि उमेदवारी मागणाऱ्याचा रस्ता गावाकडून मुंबईकडे, मुंबईकडून दिल्लीकडे वळला.

यादीत नाव येणे हा देखील शेवटचा टप्पा नसतो. निवडणूक चिन्हे (आरक्षण व वाटप) आदेश, १९६८ नुसार पक्षाच्या प्राधिकृत पदाधिकाऱ्याच्या सहीची ‘अ’ आणि ‘ब’ ही दोन प्रपत्रे, म्हणजेच बोलीभाषेतील ‘एबी फॉर्म’, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचावी लागतात. ती पोहोचली तरच पक्षाचे चिन्ह मिळते. पक्षाची उमेदवारी म्हणजे कायद्याच्या दृष्टीने एवढेच दोन कागद. सभेत घेतलेली शपथ, वर्षानुवर्षे उचललेल्या सतरंज्या, यादीतील नाव यांपैकी कशालाही त्या कागदांच्या जागी उभे राहता येत नाही.

पक्षांतर्गत निवडणुकांच्या अभावाचे परिणाम उमेदवारीपुरते थांबत नाहीत. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेनेच्या वादाचा निकाल देताना निवडणूक आयोगाने पक्षाच्या २०१८ च्या घटनेतील नेमणुकांची पद्धत लोकशाहीविरोधी ठरवली. संघटनेतील बहुमताचा कौल त्यामुळे विश्वासार्ह मानता आला नाही आणि विधिमंडळातील व संसदेतील संख्याबळावर नाव आणि चिन्ह एकनाथ शिंदे यांच्या गटाला मिळाले. शाखेतल्या कार्यकर्त्याचे मत मोजण्याची व्यवस्था नव्हती, म्हणून आमदार-खासदारांचे मोजले गेले.

वर्धा आणि लातूर, २०१४

राहुल गांधी यांनी २००७ नंतर युवक काँग्रेसमध्ये सभासदनोंदणी आणि निवडणुकांद्वारे पदाधिकारी निवडण्यास सुरुवात केली होती. निवृत्त मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्यासारख्यांच्या देखरेखीमुळे मतदान शिस्तीत होत असे, पण ज्याच्याकडे साधने त्याने अधिक सभासद नोंदवायचे, ही त्यातील उघड फट होती. महाराष्ट्रात या मार्गाने पुढे आलेल्या प्रदेशाध्यक्षांत विश्वजित कदम आणि सत्यजित तांबे ही नावे आहेत. दोघेही आधीच राजकारणात स्थिरावलेल्या घरांतील.

याच विचाराचा पुढचा टप्पा म्हणून जानेवारी २०१४ मध्ये देशातील निवडक लोकसभा मतदारसंघांत उमेदवार मतदानाने ठरवण्याची घोषणा झाली. महाराष्ट्रातून वर्धा आणि लातूर येथे प्रत्यक्ष मतदान झाले. मतदार होते पक्षाचे गट, तालुका व जिल्हा पातळीवरील पदाधिकारी, आघाड्यांचे प्रतिनिधी आणि पक्षाचे स्थानिक लोकप्रतिनिधी. साध्या सभासदाला मत नव्हते. सर्वसामान्य मतदाराचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे ज्या नेत्याने मागील दहा-पंधरा वर्षांत ही पदे वाटली, त्याच्याच माणसांची मतदारयादी तयार झाली. प्रयोगाचा निकाल येथेच बऱ्याच अंशी ठरला असे म्हणावे लागते.

वर्ध्यात विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे आणि माजी खासदार व राज्यपाल प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस यांच्यात मुख्य लढत झाली. तळातून आलेल्या कार्यकर्त्याने प्रस्थापिताला ललकारावे यासाठी योजलेल्या पद्धतीत दोन प्रस्थापित घरांचीच झुंज लागली. मेघे जिंकले. लोकसभेच्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाच्या रामदास तडस यांनी त्यांचा दोन लाखांहून अधिक मतांनी पराभव केला. त्याच वर्षी मेघे कुटुंब भारतीय जनता पक्षात गेले. पक्षांतर्गत मतदानात हरलेल्या टोकस पक्षातच राहिल्या आणि २०१९ मध्ये त्यांना लोकसभेची उमेदवारी मिळाली, पण ती जुन्या रीतीने, दिल्लीच्या यादीतून. त्याही तडस यांच्याकडून पराभूत झाल्या.

अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या लातुरात दत्तात्रय बनसोडे निवडले गेले. निवडणुकीत भारतीय जनता पक्षाचे सुनील गायकवाड मोठ्या फरकाने विजयी झाले. त्या वर्षीच्या लाटेत काँग्रेसला देशभरात ४४ जागा मिळाल्या. तेव्हा पराभवाचे खापर निवडपद्धतीवर फोडणे न्याय्य नाही.

इतर राज्यांतील दोन निकाल नोंद घेण्याजोगे आहेत. कर्नाटकातील दक्षिण कन्नड मतदारसंघात ज्येष्ठ नेते जनार्दन पुजारी यांनी केंद्रीय मंत्री वीरप्पा मोईली यांचे पुत्र हर्ष मोईली यांचा पक्षांतर्गत मतदानात पराभव केला. म्हणजे घराण्याचा वारस येथे हरला, पण तो जुन्या खोडाकडूनच. गुजरातेत वडोदऱ्यातून नरेंद्र रावत रीतसर निवडून आले. नंतर तेथे नरेंद्र मोदी यांची उमेदवारी जाहीर झाली, रावत बाजूला झाले आणि पक्षाने मधुसूदन मिस्त्री यांना उभे केले. मतदानाने मिळालेली उमेदवारीही वरून आलेल्या गरजेपुढे टिकत नाही, हे या प्रसंगाने स्पष्ट केले. हा प्रयोग पुढे चालू राहिला नाही.

बंडखोरी

पक्षात लढण्याची जागा नसली की लढा पक्षाबाहेर जातो. महाराष्ट्रात १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत ४५ अपक्ष निवडून आले आणि त्यांपैकी अनेक जण उमेदवारी नाकारलेले काँग्रेसजन होते. काँग्रेसला ८० जागांवर थांबावे लागले. शिवसेना (७३) आणि भारतीय जनता पक्ष (६५) यांनी अपक्षांच्या पाठिंब्यावर मनोहर जोशी यांच्या नेतृत्वाखाली सरकार स्थापन केले. जो कौल एखाद्या प्राथमिक निवडणुकीत पक्षाच्या आत मोजला गेला असता, तो येथे सार्वत्रिक निवडणुकीत मोजला गेला आणि त्याची किंमत पक्षाने सत्तेने चुकवली.

बंडखोराचा मार्ग खडतर असतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. चिन्ह शेवटच्या आठवड्यांत मिळते आणि ते घराघरात पोहोचवायचे असते. निवडून आल्यावर अपक्षाने पक्षात प्रवेश केला तर दहाव्या परिशिष्टानुसार सदस्यत्व जाते, म्हणून तो ‘सहयोगी’ म्हणून वावरतो. शिवाय प्रत्येक बंडखोर हा डावललेला कार्यकर्ता असतो असे नाही. जानेवारी २०२३ मध्ये नाशिक पदवीधर मतदारसंघात काँग्रेसने विद्यमान आमदार सुधीर तांबे यांना एबी फॉर्म दिला. त्यांनी अर्जच भरला नाही आणि पुत्र सत्यजित तांबे अपक्ष म्हणून उभे राहून विजयी झाले. पक्षांतर्गत निवडणुकीतून युवक काँग्रेसचे प्रदेशाध्यक्षपद मिळवलेल्या नेत्याने अखेर पक्षाबाहेरून विधान परिषद गाठली.

सोलापूर जिल्ह्यातील स्थिती

दक्षिण सोलापूर तालुक्यातील मंद्रूप हे मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा कानी पडणाऱ्या सीमाभागातील मोठे गाव. तालुक्याची कचेरी सोलापूर शहरात असल्याने येथे अपर तहसील कार्यालय आहे. अशा गावातील कार्यकर्त्याची राजकीय शिडी पाहिली तर प्राथमिक निवडणुकीचा अभाव नेमका कोठे जाणवतो हे कळते. पहिली पायरी खुली आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. पॅनेल उभे करावे, भावकी आणि वाड्यावस्त्यांचा मेळ घालावा आणि लढावे. २०१७ मध्ये सरपंचाची निवड थेट मतदारांकडे आली. २०२० मध्ये ती तरतूद रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. वर्षानुवर्षे सत्ता राखलेल्या गटाला एखाद्या नवख्याने येथे हरवणे नवलाचे राहिलेले नाही, कारण त्याला कोणाच्या सहीची गरज नसते.

दुसऱ्या पायरीपासून, म्हणजे पंचायत समितीचा गण आणि जिल्हा परिषदेचा गट येथून, एबी फॉर्म सुरू होतो. त्यातही सोलापूर जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. कार्यकर्त्याला आपली ताकद दाखवण्याचा हा मधला टप्पाच त्या काळात नाहीसा झाला. सरपंच आणि आमदार यांच्यामध्ये काहीच उरले नाही.

मंद्रूप ज्या दक्षिण सोलापूर विधानसभा मतदारसंघात मोडते, त्याच्या इतिहासात उमेदवारी वरून ठरल्याची ठळक उदाहरणे आहेत. २००३ मध्ये सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांना विधानसभेवर जाता यावे म्हणून आनंदराव देवकते यांनी येथील जागा मोकळी केली. २०१४ पासून भारतीय जनता पक्षाचे सुभाष देशमुख येथून सलग निवडून आले. २०२४ मध्ये महाविकास आघाडीत ही जागा शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाने अमर पाटील यांना जाहीर केली. त्यानंतर काँग्रेसच्या यादीत माजी आमदार दिलीप माने यांचे नाव आले, पण पक्षाचा एबी फॉर्म त्यांना मिळाला नाही. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याशी संबंधित धर्मराज काडादी अपक्ष उभे राहिले आणि मतदानाच्या दिवशी, २० नोव्हेंबर रोजी, सुशीलकुमार शिंदे व खासदार प्रणिती शिंदे यांनी काडादी यांना पाठिंबा जाहीर केला. आघाडीच्या कार्यकर्त्यांना आपला उमेदवार कोण हे मतदान चालू असताना पुन्हा ठरवावे लागले. सुभाष देशमुख तिसऱ्यांदा विजयी झाले. तीनही पक्षांच्या स्थानिक सभासदांनी आधी एकत्र मतदान केले असते तर निकाल बदलला असता असे म्हणता येत नाही. उमेदवार एक राहिला असता एवढे नक्की.

शेजारच्या सोलापूर शहर उत्तर मतदारसंघात २००४ पासून आमदार असलेल्या विजयकुमार देशमुख यांच्या पुन्हा उमेदवारीला २०२४ मध्ये त्यांच्याच पक्षातील काही माजी पदाधिकाऱ्यांनी उघड विरोध केला. त्या विरोधाचे मोजमाप करण्याचे साधन पक्षाजवळ नव्हते. उमेदवारी देशमुखांनाच मिळाली आणि ते पाचव्यांदा निवडून आले.

कार्यकर्त्यांनी पक्षाचा निर्णय फिरवल्याचे जिल्ह्यातील ठळक उदाहरण सांगोल्याचे आहे. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ पासून अकरा वेळा तेथून निवडून आले. २०१९ मध्ये वयोमानामुळे त्यांनी थांबण्याचे ठरवले आणि उद्योजक भाऊसाहेब रुपनर यांचे नाव पुढे आले. कार्यकर्त्यांनी ते मान्य केले नाही. त्यांच्या आग्रहापुढे पक्षाला नमते घ्यावे लागले आणि गणपतरावांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख उमेदवार झाले. मतपेटीविना झालेली ही एक प्राथमिक निवडणूकच होती. तिचा कौल नव्या माणसाऐवजी जुन्या घराच्या बाजूने गेला. अनिकेत देशमुख शिवसेनेच्या शहाजीबापू पाटील यांच्याकडून अवघ्या ७६८ मतांनी हरले. २०२४ मध्ये गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी ही जागा शेतकरी कामगार पक्षाकडे परत आणली.